बोटभर केसांची फणी

मी फणी आहे. कडुनिंबाच्या लाकडाची, जुनी, कडेचे दोन दात मोडलेली. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची तर एक अट आहे. हळहळायचं नाही. "अरेरे, बिचारी" असं कुणी म्हटलं की माझ्या उरलेल्या दातांनाही राग येतो. मी बिचारी कधीच नव्हते. जिच्या केसांत माझं आयुष्य गेलं, तीही नव्हती.

वादळात पडलेल्या एका कडुनिंबाच्या फांदीतून माझा जन्म झाला. हुमनाबादच्या जत्रेत फण्या विकणारा एक म्हातारा कारागीर ती फांदी घरी घेऊन गेला. त्यानं ती सावलीत वाळवली, चिरली, बारीक करवतीनं माझा एकेक दात पाडला आणि कानशीनं घासत बसला. कुठलीही फणी विकायला ठेवण्याआधी तो ती आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढून बघायचा. ओरखडा उठला की पुन्हा घासायची. माझ्या वेळी त्याला पुष्कळ घासावं लागलं, कारण माझं लाकूड हट्टी होतं.

हळ्ळीखेड गावच्या राघोबांचं नुकतंच लग्न झालं होतं. जत्रेत त्यांनी मला उचललं, उलटसुलट बघितलं आणि लाजत लाजत खिशात टाकलं. घरी जाऊन बायकोच्या हातात ठेवलं. तिचं नाव राजूबाई.

राजूबाईचे केस कमरेच्या खाली जात. काळे, सरळ आणि दाट. मी त्यांत शिरले की दुसऱ्या टोकाला बाहेर पडायला वेळ लागायचा. केस कशानं धुतलेत हे मला कुणी सांगावं लागत नसे, पहिल्या ओढीतच कळे. घाईच्या दिवसांत ती कपड्याच्या साबणाची वडी डोक्याला फिरवायची. मग केस करकर वाजायचे आणि माझे दात गुंत्यात अडकून बसायचे. गावात बोअरचं पाणी आलं तेव्हा तर फेसच होईना. पाणी जड, केसांवर चिकट थर राहायचा. पण ज्या दिवशी शेजारची गौरम्मा कुटलेली शिकेकाई आणून द्यायची, त्या दिवशी मी वरून सुटले की थेट टोकाला. नंतर दुकानात शॅम्पूच्या पुड्या तोरणासारख्या लटकू लागल्या. त्यांचा घरभर वास सुटायचा, पण तिसऱ्या दिवशी केसांची टोकं गवतासारखी कोरडी. मी उघडपणे शिकेकाईच्या बाजूची होते. ते लपवून ठेवण्याचं मला काही कारण नव्हतं.

नळावरच्या बायका राजूबाईला थांबवून विचारायच्या, "केसाला काय लावतीस गं बाई?" ती हसून म्हणायची, "माझी फणी लई गुणाची हाय." एवढं ऐकलं की मी आठवडाभर ताठ राहायचे.

राजूबाईची मुलगी विजयश्री मोठी झाली, बिदरला मैलूर भागात राहून साड्यांच्या दुकानात काम करू लागली. तिनं आईसाठी गुलाबी प्लास्टिकची फणी आणली. मी कोनाड्यात गेले. धूळ बसली. पण त्या गुलाबी बाईनं केसांना हात लावला की केस चटचट उडायचे, आणि उन्हाळा संपायच्या आत तिचे अर्धे दात गेले. मी परत हातात आले. मित्रांनो, वाट बघायची असते. पण मान खाली घालून नाही.

मग राजूबाई आजारी पडली.

छातीत गाठ निघाली. कलबुर्गीच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि कॅन्सर हा शब्द आमच्या घरात आला. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. एका सकाळी राजूबाईनं नेहमीसारखं मला डोक्यावर ठेवून ओढलं आणि केस माझ्याबरोबरच बाहेर आले. एक ओढ, एक गुच्छ. दुसरी ओढ, दुसरा गुच्छ. दोष माझा नव्हता, केसांचाही नव्हता. पण तो भार माझ्या दातांवर आला, आणि तो मी कधी विसरले नाही.

राघोबा दारात उभे होते. ते म्हणाले, "राजू, ऱ्हाऊ दे आता. केस नको इचरू."

 राजूबाईनं मला पिशवीत टाकलं, पायात चप्पल घातली आणि सरळ गावातल्या वीरेश न्हाव्याच्या दुकानाकडं निघाली. त्या दुकानाची पायरी आजवर कुठल्या बाईनं चढली नव्हती. आत दोघे जण दाढीला बसले होते. वीरेश वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला.

"काकी, तुमी कामून आलाव? मीच घरी येतो की सांजच्याला," तो म्हणाला.

"कामून? मी काय चोरी केली व्हय?" राजूबाई खुर्चीवर बसली. "समदं काढ. आपुआप गळू गळू जायची वाट बघत मी बसत न्हाई. मीच काढले असं व्हऊ दे."

वीरेशनं वस्तरा खाली ठेवला आणि आधी चहा मागवला. दाढीवाले दोघे उठून बाहेर जाऊ लागले, तर राजूबाई आरशातूनच म्हणाली, "बसा की. तुमची दाढी अर्धीच हाय." ते बसले.

घरी आल्यावर तिनं मला धुऊन पुसून लोखंडी पेटीत ठेवलं. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत रिकामा काळ. डोक्यावर केसच नाहीत तर फणीचं काय काम? पेटीत साड्यांच्या खाली मी पडून होते. पण तिनं मला टाकलं नव्हतं. टाकणं आणि ठेवणं यातला फरक पेटीत राहिल्यावर चांगला कळतो.

औषधं संपली. काही महिन्यांनी राजूबाईच्या डोक्यावर कोवळी लव आली. मग घरात गडबड सुरू झाली, आणि मला पेटीतून बाहेर काढून खिडकीत ठेवलं गेलं. तिथून मी सगळं पाहिलं.

हे नवे केस धुवायचे कशानं, यावर जो तो बोलत होता. डॉक्टरीणबाईंनी राजूबाईला सांगितलं होतं, "अम्मा, तुमची कातडी आता तान्ह्या बाळासारखी आहे. भडक वासाचं, झोंबणारं काही लावू नका. काहीही आणलं तरी आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा." राजूबाईनं हे अंगणात बसून सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, आणि प्रत्येकानं आपलंच आणलं.

पहिली विजयश्री. तिनं बिदरहून सोनेरी झाकणाची भारी बाटली आणली. झाकण उघडताच अंगणभर फुलांचा वास पसरला. राजूबाईनं तोंडाला पदर लावला.

"माय, लई चांगली हाय ही. दुकानातल्या समद्या पोरी हीच वापरत्यात."

"चांगली असंल बाळ. पर माझ्या पोटात ढवळायलंय. त्या औषधानं नाक लई नाजूक झालंय."

"मी किती हौसेनं आणली..."

"हौस ठेवून घेते. बाटली तू ने."

विजयश्रीचे डोळे भरले. राजूबाईनं तिला जवळ ओढून घेतलं, पण बाटली काही घेतली नाही.

दुसरी वस्तू आली शेवंताक्काकडून. शेवंताक्का म्हणजे राघोबांची थोरली बहीण, दिलेली कोहिनूर गावात. तिनं बाजारातल्या एका पालावरून हिरवा साबण पाठवला होता. आठ दिवसांत केस वाढतील असं विकणारा म्हणाला होता म्हणे. राजूबाईनं तो कोपराच्या आत लावला. संध्याकाळपर्यंत तिथं लालभडक चट्टा उठला. तिनं फोन करून सांगितलं, तर पलीकडून शेवंताक्का म्हणाली, "लाल व्हायलंय म्हंजी गुण यायलाय. डोक्याला लाव बिनधास्त."

"अक्का, गुण न्हाई यायला. जळायलंय."

"तुला कुणाचंच ऐकायचं नस्तंय!"

"व्हय," राजूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग गौरम्मा. तिनं माहेरून शिकेकाईच्या शेंगा मागवल्या, उन्हात वाळवल्या, स्वतः कुटल्या, पाण्यात भिजवून पातळ लुगड्यातून गाळल्या. मी खिडकीत मनातल्या मनात नाचत होते. आता बघा, म्हटलं, कोण जिंकतंय. चट्टा बसल्यावर राजूबाईनं दुसऱ्या हाताच्या कोपरात ते पाणी लावलं. सकाळी तिथं बारीक पुरळ होतं.

मला पटेना. गौरम्मालाही पटेना.

"अय्यो, असं कसं? आमच्या अज्जीपासनं आमी हेच लावायलोय. तुझ्या केसाला पंचवीस वर्सं हीच दिली की मी!"

"व्हय गौरम्मा. तुझ्या शिकेकाईत काई खोट न्हाई. माझी कातडी ती राह्यली न्हाई."

"थोडं पातळ करून लाव की."

"नको. ती न्हाई म्हणायली तर मी कामून जबरदस्ती करू?"

गौरम्मा आपलं भांडं उचलून निघून गेली. तीन घरचे तीन जण रुसले. राघोबा हळूच म्हणाले, "कुणाचं तरी मन राखायचं व्हतंस."

राजूबाईनं दोन्ही कोपर त्यांच्यापुढं धरले. एकावर चट्ट्याचा वण, दुसऱ्यावर पुरळ. "ह्या अंगानं लई सोसलंय. आता समद्यांच्या आधी ह्याचं मन राखायचंय मला."  राघोबांनी मोटारसायकल काढली आणि तिला हुमनाबादला घेऊन गेले. नव्या केसांशी माझी ओळख करून द्यायची आहे म्हणत तिनं मलाही पिशवीत घेतलं होतं.

औषधाच्या दुकानात ती म्हणाली, "तान्ह्या लेकराचं डोकं धुवायचं काई हाय का? बिनवासाचं, बिनरंगाचं पायजे."

दुकानदारानं फळीवरून एक साधी पांढरी बाटली काढली. "ही घ्या काकी, आपल्याकडची सगळ्यात सौम्य. नातवंड झालं वाटतं?"

"न्हाई. माझ्यासाठी पायजे."

त्यानं तिच्या डोक्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं बाटली कागदात गुंडाळू लागला. राजूबाईनं मात्र पदर डोक्यावर ओढला नाही.

त्या बाटलीवर सुंदर बाईचं चित्र नव्हतं, कसलं वचन नव्हतं. कोपरात लावून एक दिवस गेला, दुसरा गेला, कातडी स्वच्छ. मग अंगणात पाट मांडला. पाणी कोमट केलं. राजूबाई डोकं खाली करून बसली, तोच गौरम्मा कुंपणाच्या फटीतून आली आणि राघोबांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"पाणी तरी मीच घालीन. पाण्याला तर तुझी कातडी न्हाई म्हणत न्हाई नं?"

राजूबाई वाकलेल्या मानेनंच हसली.

मोठा फेस आला नाही, वास सुटला नाही, डोळे चुरचुरले नाहीत. डोकं उन्हात वाळलं आणि तिनं मला हातात घेतलं. मित्रांनो, हे माझे जुने ओळखीचे केस नव्हते. बोटाच्या पेराएवढे, राखाडी आणि कुरळे! पूर्वी इतका लांब प्रवास करणारी मी, आता ठेवली की लगेच बाहेर. पण त्या दोन पावलांत मला कुठंही खरखर लागली नाही. माझी शिकेकाई हरली होती आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. केस ज्यानं सुखी होते, त्याच्या बाजूला मी गेले.

काही आठवड्यांत केस बोटभर झाले आणि कोहिनूरहून निरोप आला. शेवंताक्काच्या मुलाचं, शिवशंकरचं, लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरात नवरदेवाला पहिली हळद मामीनं लावायची रीत. म्हणजे राजूबाईनं.

हळदीच्या सकाळी राजूबाई शेवंताक्काच्या घरी न्हाली. आपली पांढरी बाटली तिनं बरोबर आणली होती. न्हाऊन ती मागच्या अंगणात कट्ट्यावर उन्हात बसली आणि मला केसांतून फिरवू लागली. भोवती मांडवाची घाई, बायकांची ये-जा. शेवंताक्का एक खोकं घेऊन आली. त्यात लांब केसांचा टोप होता.

"हे घाल. बिदरहून मागवलाय. तुझ्या पयल्या केसावानीच हाय बघ."

"नको अक्का. डोकं गरम व्हतंय."

"मंग पदर घट्ट घे कपाळापतोर. मुलीकडची माणसं यायलीत. हळदीला असं डोकं बघून लोक काय म्हणतील? शुभकार्य हाय माझ्या घरी."  शेवंताक्काला राग कमी आणि भीती जास्त होती. "न्हाईतर तू मागं बस. हळद दुसरं कुणीबी लावंल."

अंगणातल्या बायका थबकल्या. राजूबाईच्या मुठीत मी होते. तिची मूठ इतकी आवळली की माझे दात तिच्या तळव्यात रुतले.

"अक्का," ती म्हणाली, "डोकं झाकायचं असंल तर ऊन लागलं म्हणून झाकीन. लाज वाटली म्हणून न्हाई. मी मरणाच्या दारातनं चालत आलेय. माझ्या हातची हळद तुमच्या लेकाला अशुभ वाटत असंल तर आत्ता सांगा, मी गावाकडं जाते. पर मागं बसणार न्हाई."

 तेवढ्यात शिवशंकरच पाटावरून उठून मागं आला. अंगावर हळदीचा नवा सदरा, हातात हळदीची वाटी.

"मामी, पाणी थंड व्हायलंय. चला की. मला गार पाण्यानं न्हाऊ घालता का काय?"

राजूबाई उठली. मला कमरेला खोचलं, पदर खांद्यावर घेतला आणि भर मांडवात, बोटभर कुरळ्या केसांनी, भाच्याला पहिली हळद लावली. मुलीकडच्या माणसांनी बघितलं. बघून त्यांनी सुपारी कातरली आणि चहाला साखर कमी झाली म्हणून तक्रार केली. जग बुडालं नाही. शेवंताक्का मात्र त्या दिवशी राजूबाईशी बोलली नाही. तो टोप खोक्यातच राहिला.

दुपारी जेवणं उरकल्यावर राजूबाई मागच्या कट्ट्यावर एकटी बसली होती. एक बाई तिच्या शेजारी येऊन टेकली. कपाळापर्यंत पदर, हनुवटीखाली घट्ट धरलेला. ती शेवंताक्काची शेजारीण शरणम्मा, किराणा दुकानवाल्यांच्या घरातली.

"अक्का, एक इचारू? केस कशानं धुतलाव सकाळी?"

राजूबाईनं बाटलीबद्दल सांगितलं. कोपरात आधी लावून बघायचं तेही सांगितलं. "कुणासाठी पायजे?"

शरणम्मानं आजूबाजूला बघितलं आणि पदर थोडा सैल सोडला. आत केस नव्हते. एकही नव्हता. "अजून औषध चालू हाय कलबुर्गीला. घरात नवऱ्याला ठावं हाय, बाकी कुणाला न्हाई. सकाळी तुमी शेवंताक्काला बोलला ते मी भिंतीपल्याड ऐकलं. मी पयल्यांदाच... म्हंजी, मला वाटलं मी एकलीच हाय."

राजूबाईनं तिचा हात धरला. बराच वेळ दोघी बोलत होत्या. कशानं मळमळ कमी होते, झोपताना सुती फडकं कसं बांधायचं, लव कधी येते, आलेली लव कुरळी निघाली तर घाबरायचं नाही. उन्हं कलली तेव्हा राजूबाईनं मला कमरेतून काढलं, चुलीवरच्या उकळत्या पाण्यात नीट धुतलं, कोरडं केलं आणि शरणम्माच्या हातात दिलं.

"अक्का, मला कशाला फणी? माझ्या डोक्याला..."

"आत्ता न्हाईत. येतील. आले की ही लागंल. प्लास्टिकची नको, टोचती."

राघोबा जवळच उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्यांनीच मला आणलं होतं ना. मग म्हणाले, "दे की. तुझ्या बोटभर केसाला तर बोटंबी चालत्यात."

अशी मी शरणम्माकडं आले. मित्रांनो, आता मी ज्या घरात आहे तिथं मला काम नाही, आणि तरी मी खिडकीत, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली आहे. एकदा शरणम्माचा पदर सरकला तेव्हा एक पाहुणी म्हणाली, "केस न्हाईत आन फणी कशाला मांडून ठेवलीस?" शरणम्मा म्हणाली, "येणार हायत म्हणून." त्या दिवसापासून तिनं घरात पदर घट्ट धरणं सोडलं.

मला तुमच्याकडून दया नको, पण एक मागणं आहे. कुणाच्या डोक्यावर केस नसतील तर टक लावून बघू नका, आणि झाकून घे असंही सांगू नका. कुणी आपल्या अंगाला सोसेल तेच निवडलं, तर आपलं आणलेलं घेतलं नाही म्हणून रुसू नका. रुसलातच तर गौरम्मासारखं परत या. आणि हो, आपली फणी आपण धुवा. आम्ही तक्रार करत नाही म्हणजे आम्हाला मळ आवडतो असं नाही.

परवा शरणम्मा कलबुर्गीहून औषध घेऊन दमून आली. सकाळी उठून तिनं मला खिडकीतून उचललं आणि आरशासमोर उभी राहिली. दातांची बाजू वर करून, माझी गुळगुळीत पाठ तिनं कपाळापासून मागं हळूच ओढली. मग आरशातल्या स्वतःला म्हणाली, "काय गं शरणम्मा, आज भांग कुठनं पाडायचा?"

आणि एकटीच खळखळून हसली.